पाणी कुठलं ते आधी ठरवा: गळका स्लॅब, एआयचं उत्तर आणि गहाण ठेवायच्या पाटल्या

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. भुसावळला १९९७ सालचं आरसीसी घर, वर ११०० चौरस फुटांची गच्ची. पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी हॉलच्या जिन्याकडच्या कोपऱ्यात ओल उतरते. स्वयंपाकघराच्या छताला ताटाएवढा डाग आहे आणि तिथलं प्लास्टर सुटून खाली पडलंय. त्यांनी फोटो काढून एआयला विचारलं, त्याने सगळ्या गच्चीला केमिकल कोटिंग सुचवलं. ठेकेदार म्हणतो, जुन्या कोब्यावर (गच्चीवरचा विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) नवा कोबा करू, १५० रुपये फूट, म्हणजे १ लाख ६५ हजार. मुलगा म्हणतो, पत्र्याचं शेड ठोकून मोकळे व्हा. शिवाय घरावर सोलर बसवायचं मनात आहे. पैसे हाताशी नाहीत, तर पाटल्या गहाण ठेवाव्यात का, आणि तिघांपैकी कोणाचं ऐकावं?

ताई, मी जळगाव-धुळे पट्ट्यात पंचवीसेक वर्षं गळतीचीच कामं करतोय. नवीन बांधकाम घेत नाही, दुसऱ्यांनी बांधलेलं सांधत फिरतो. तुमच्या प्रश्नात एक ओळ तुम्ही जाता जाता लिहून टाकलीय: "स्वयंपाकघराचा डाग मार्चमध्येसुद्धा ओला लागत होता." तुमच्या दुखण्याचं अर्धं उत्तर या ओळीत आहे, आणि तिघांपैकी कोणीही त्याबद्दल तुम्हाला विचारलेलं दिसत नाही.

भुसावळला मार्चमध्ये पाऊस कुठला? अवकाळी पडला असेल तर गोष्ट वेगळी, तेवढं आठवून बघा. कोबा म्हणजे शेवटी विटांचे तुकडे. ते पाणी पिऊन बसतात आणि पाऊस थांबल्यावरही काही आठवडे खाली सोडत राहतात. पण दिवाळीनंतरची आपली कोरडी हवा खाऊन मार्चपर्यंत कोब्यात पाणी टिकणं मला तरी अवघड वाटतं. तुमची टाकी स्वयंपाकघरावरच आहे असंही तुम्ही लिहिलंय. मग माझा पहिला संशय टाकीवर, तिच्या ओव्हरफ्लोवर आणि भिंतीत गाडलेल्या जुन्या जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपवर जातो. त्या काळातल्या घरात बहुतेक जीआयच असतो, आणि सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत तो आतून खाल्ला जातो.

हॉलच्या कोपऱ्याचं वागणं निराळं आहे. पाऊस पडला की ओल, पाऊस नसला की कोरडं. ते पावसाचंच पाणी. म्हणजे तुमच्या घरात एक गळती नाही, बहुधा दोन आहेत, आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. १ लाख ६५ हजारांचा कोबा टाकलात आणि पाइप तसाच राहिला, तर पुढच्या मार्चमध्ये डाग पुन्हा ओला होईल. मग ठेकेदार म्हणेल कोबा तर चांगला केलाय, तुम्ही म्हणाल गळतंय तर खरं, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असाल.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते अमळनेरकडचे मिस्त्री अहिराणीत एकच वाक्य बोलायचे: "पानी कथाईन ई ऱ्हायनं, ते पहिले दखा." म्हणजे पाणी कुठून येतंय ते आधी बघा, थापी नंतर उचलायची. त्यांनी एका घरात सलग दोन दिवस काहीच केलं नव्हतं, नुसते गच्चीवर बसून बिड्या ओढत होते. मालक वैतागला. तिसऱ्या दिवशी त्यांनी पन्हाळीच्या पाइपातून कबुतराचं अख्खं घरटं उपसलं, आणि गळती तिथेच बंद झाली. त्याआधी त्या गच्चीवर तीन वेळा कोटिंग झालं होतं.

आता एआयबद्दल, कारण हल्ली दर दुसऱ्या घरात मला मोबाइलवरचं उत्तर दाखवलं जातं. मी त्याच्या विरोधातला माणूस नाही. भाच्याने शिकवल्यापासून माझी कोटेशनं मी त्याच्याकडूनच लिहून घेतो. केमिकलच्या डब्यामागे मुंगीच्या अक्षरात जे इंग्रजी छापलेलं असतं, त्याचा फोटो काढून "मिश्रण किती, किती वेळात वापरायचं, एका किलोत किती फूट" एवढं मराठीत विचारतो. मिस्त्रीला वाचून दाखवतो. पूर्वी अंदाजाने कालवायचो, त्यापेक्षा हे बरं. मात्र आकडा डब्यावर बोट ठेवून एकदा पडताळतो, कारण एकदा त्याने दोन भाग आणि एक भाग यांची अदलाबदल केली होती.

तुमचा प्रश्न मी तसाच्या तसा त्याला विचारून पाहिला. त्याने गळतीची सात कारणं दिली, टाकी पाचव्या नंबरावर. नंतर मी एवढंच विचारलं, "पाऊस नसताना, टाकीखालच्या छताला ओल, कारण काय?" तेव्हा पहिल्याच ओळीत टाकी आणि पाइप. त्याच्याकडे माहिती होतीच, तुमच्या प्रश्नात "स्लॅब गळतो" हे आधीच ठरून गेलं होतं, म्हणून त्याने स्लॅबचा उपाय दिला. डॉक्टरकडे जाऊन "मला मलेरियाची गोळी द्या" म्हटल्यासारखं. आणि फोटोचं म्हणाल, तर फोटोत डाग दिसतो, छत ठोकल्यावर येणारा आवाज ऐकू येत नाही. तुमच्या उत्तराच्या शेवटी "जाणकार स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घ्यावा" अशी ओळ असेल. असतेच. ती कोणी वाचत नाही.

दरांच्या बाबतीत मात्र त्याच्यावर अजिबात विसंबू नका. त्याने मला सांगितलेल्या भावात जळगावच्या एकाही दुकानात माल मिळाला नसता. भाव दुकानात जाऊन विचारायचा.

तर पाणी कुठलं हे कसं शोधायचं? आधी टाकी. रात्री सगळ्यांची कामं आटोपली की टाकीखालचा मुख्य कॉक बंद करा आणि आत पाण्याच्या पातळीवर रेघ मारा. सकाळी पंप चालू करायच्या आधी बघा. पाणी उतरलं असेल तर टाकी किंवा कॉकच्या वरचा जोड गळतोय. उतरलं नसेल तर दुसऱ्या रात्री कॉक उघडा ठेवा, घरातले सगळे नळ घट्ट बंद, फ्लशच्या टाकीचा कॉकही बंद, आणि पुन्हा रेघ. आता उतरलं तर भिंतीतला पाइप. दोन्ही रात्री जैसे थे राहिलं तर ओव्हरफ्लो बघा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आलं की आपण टाकी उतू जाईपर्यंत भरतो, आणि ते उतू गेलेलं पाणी वर्षानुवर्षं गच्चीच्या एकाच जागेवर पडत राहतं. मी अशा जागा पाहिल्यात जिथे पावसापेक्षा ओव्हरफ्लोनेच स्लॅब जास्त नासला होता.

मग कोपरा. गच्चीवर हॉलच्या त्या कोपऱ्यावर ओल्या मातीचा बांध घालून चार फूट बाय चार फुटांचं आळं करा, त्यात दीड-दोन इंच पाणी भरा, एक दिवस थांबा. शेजारी उन्हात तेवढ्याच खोलीची परात भरून ठेवा. ही परात विसरू नका. आपल्या उन्हाळ्यात पाणी नुसत्या हवेनेच बरंच उडतं, आणि लोक ते स्लॅबने पिलं असं समजून घाबरतात. आळ्यातलं पाणी परातीपेक्षा किती जास्त उतरलं, तेवढंच खरं. पहिल्या दिवशी आळं भिंतीपासून फूटभर लांब ठेवा, दुसऱ्या दिवशी कठड्याला चिकटवून. पहिल्या दिवशी खाली काही नाही आणि दुसऱ्या दिवशी ओल आली, तर गुन्हेगार स्लॅब नाही, कठडा आणि स्लॅब यांमधली फट आहे. माझा अंदाज तोच आहे, पण अंदाजावर पैसे खर्च करू नका.

अख्ख्या गच्चीवर पाणी तुंबवून परीक्षा घ्यायला कोणी सांगितलं तर नको म्हणा. ११०० फुटांवर दोन इंच पाणी म्हणजे पाच टनांवर वजन. चांगल्या स्लॅबला ते जड नाही, पण तुमचा स्लॅब चांगला आहे की नाही हेच अजून माहीत नाही.

आणि त्याआधी एक काम आहे, ज्यात चालढकल नको. स्वयंपाकघरात जिथून प्लास्टर पडलंय तिथे सळई उघडी दिसते का? तांबूस डाग आहेत का? सळईच्या रेषेत सरळ तडा गेलाय का? एका लांब काठीने किंवा हातोडीच्या दांड्याने छत हळूहळू ठोकत जा. टणटणीत आवाज आला तर ठीक. ढबढब वाजलं तर आतून थर सुटलाय, त्याखाली ओटा असला तरी उभं राहू नका. लोखंड गंजलं की फुगतं, मूळच्या दुपटीहून जास्त जागा घेतं आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतं. त्यावर नुसतं प्लास्टर मारणं म्हणजे गळवावर पावडर लावणं. सैल काँक्रीट काढून, सळई घासून, गंजरोधक लावून पॉलिमर मसाल्याने भरायचं असतं. ताटाएवढीच जागा असेल तर जाणता मिस्त्री करेल. ढबढब आवाज खोलीभर येत असेल, किंवा सळई झिजून बारीक झाली असेल, तर माझ्यासारख्याला न बोलावता स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. त्याची फी जड वाटेल, पण इथे अंदाज चालत नाही.

आता ठेकेदाराच्या कोब्याकडे येतो. तो माणूस फसवतोय असं मी म्हणत नाही. कोबा हा जुना, चालत आलेला उपाय आहे आणि नीट केला तर वीस-वीस वर्षं टिकतो. माझी हरकत "जुन्यावर नवा" याला आहे. चार इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला पावणेदोनशे ते दोनशे किलो भरतं. तुमची गच्ची सुमारे १०२ चौरस मीटर, म्हणजे डोक्यावर आणखी १८ ते २० टन. माणसांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीवर वावरासाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण १५० किलोचा भार धरलेला आहे. एक कोबा आधीच आहे. दुसरा टाकलात की ती सगळी राखीव ताकद तुम्ही वापरून टाकली, वर थोडी उधारी केली. मग त्यावर सोलर, लग्नाकार्यात पन्नास माणसं, पापड-कुरडयांच्या खाटा. जुना कोबा फोडून नवा करायचा असेल तर विचार करता येईल, पण फोडताना हातोड्याचे हादरे जुन्या स्लॅबला बसतात, तेव्हा तेही सरसकट नको.

दुसरं कारण आपल्या उन्हाचं. काँक्रीट दर अंशाला लांबीच्या साधारण एक लाखांश इतकं प्रसरण पावतं, असं पुस्तकी सांगण्यापेक्षा हिशेब बघा: चाळीस फूट लांबीचा स्लॅब आणि जानेवारीची पहाट ते मेची दुपार यांत ४० अंशांचा फरक धरला, तर स्लॅब जवळपास ५ मिलिमीटर लांब-आखूड होतो. भिंत तेवढी हलत नाही. म्हणून फट पडते ती कठड्याच्या बुडाशी. तिथे कडक सिमेंट कितीही भरा, पुढच्या मेमध्ये पुन्हा केसभर चीर. कोकणातला मिस्त्री ३००० मिलिमीटर पावसाशी लढतो, आपल्याकडे पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास, आपली लढाई उन्हाशी आहे. मुंबई-कोकणाकडचे व्हिडिओ बघून केलेली कामं इथे फसतात त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

आमचं मूळ घर गिरणाकाठच्या खेड्यात, धाब्याचं. लाकडी सरे, त्यावर किलचन म्हणजे आडव्या लाकडी तुकड्यांचा थर, वर खारी मातीचा थर. मृग लागायच्या आधी आजोबा दरवर्षी धाब्यावर चढायचे, भेगा बघायचे, नवी माती पसरून चोपायचे. ती माती पाण्याने फुगून स्वतःची भेग स्वतः बुजवायची. गळायचं नाही असं नाही, रात्री भांडी मांडावी लागायचीच. पण वर्षातून एकदा कोणीतरी छतावर जायचं. स्लॅब आले आणि आपण वर जाणंच सोडलं, फक्त गाद्या वाळत घालायला जातो.

कोपऱ्याचं काम मी असं करतो. कठड्याच्या बुडाशी फट व्ही आकारात उकरायची, धूळ पूर्ण काढायची, लवचीक सीलंट भरायचं. त्यावर पॉलिमर मसाल्याचा गोल वाटा, म्हणजे कठडा आणि गच्चीच्या कोनात भरलेला गोलसर उतार. मग भिंतीवर फूटभर आणि गच्चीवर फूटभर अशी फायबरची जाळी अंथरून दोन-तीन हात लवचीक कोटिंग. पन्हाळीच्या तोंडाशीही तसंच. कोटिंग सकाळी नऊच्या आत किंवा ऊन कलल्यावर. भर दुपारी मारलं तर वरची साय लगेच वाळते, आतली वाफ कोंडते आणि फोड येतात. मिस्त्री घाई करतील, करू देऊ नका. वाट्यावर कोटिंगच्या आधी ओली पोती ठेवून पुरते दिवस द्या, मे महिना असेल तर जास्त. पोत्यांचे दिवस सोडले तर हे सगळं एका मिस्त्री-बिगारीच्या जोडीचं तीन-चार दिवसांचं काम आहे, अधिक थोडा माल. लाखाच्या जवळपासही जात नाही. मात्र गच्चीचा ढाळ उलटा असेल, पावसानंतर मधोमध डबकी साचत असतील, तर फक्त कोपरा करून भागणार नाही. ते पहिल्या पावसात वर जाऊन खडूने डबक्यांच्या कडा आखून ठेवल्यात तर कोणत्याही ठेकेदाराशी बोलताना तुमचं पारडं जड राहील.

एआयने सुचवलेलं पूर्ण गच्चीचं कोटिंग चुकीचं नाही, आत्ताच नको इतकंच. ओल्या कोब्यावर ते मारलंत तर पाणी आत बंद होतं आणि खालूनच बाहेर पडतं. आधी गळत्या बंद, मग कोबा पूर्ण वाळू दे, त्यानंतर पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पांढरं कोटिंग करा. त्याने घरही थंड राहील. पैसे नसतील तर चुन्याचा हात मारा, उन्हापुरता तोही कामाचा. पत्र्याच्या शेडला नगरपालिकेची परवानगी लागते, आणि मे-जूनच्या ज्या वादळात रावेर-यावलच्या केळीच्या बागा आडव्या होतात, ते वादळ भुसावळच्या पत्र्याला ओळखत नाही असं नाही. मुलाला तेवढं सांगा.

सोलरचा मुद्दा तुम्ही शेवटी लिहिलात, पण कामाचा क्रम त्याच्यावरच ठरतो. पॅनल एकदा बसले की वीस-पंचवीस वर्षं त्यांच्याखाली मिस्त्रीला नीट बसता येत नाही. ३ किलोवॉटला साधारण ३०० चौरस फूट गच्ची अडते. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे, ते बघून लोक घाई करतात, आणि पॅनलवाली पोरं स्लॅबला भोकं पाडून नटबोल्ट ठोकून निघून जातात. पॅनलचं वजन फार नसतं, वारा खालून शिरून उचलतो ती खरी भीती. म्हणून नुसते ब्लॉक ठेवूनही भागत नाही. पाय बीम-कॉलमच्या रेषेवर यावेत, प्रत्येक पायाला सिमेंटचा ओटा, आणि ओट्याच्या बुडाशी कठड्यासारखाच वाटा आणि जाळी. हे गळती बंद झाल्यावर, एक पावसाळा कोरडा गेल्यावर.

राहिल्या पाटल्या. सोनं गहाण ठेवण्यात कमीपणा नाही, जळगाव जिल्ह्यात तर ती अडीनडीची रीतच आहे. पण कर्ज काढायचं ते निदान झाल्यावर. आत्ता तुम्ही १ लाख ६५ हजार उचललेत तर व्याज आजपासून सुरू, आणि काम बरोबर झालं की नाही ते कळणार जुलैत. पहिल्या टप्प्यात रेघ, आळं, ठोकून बघणं. यात खर्च जवळपास शून्य. दुसऱ्यात पाइप आणि कोपरा, हे पगारातून किंवा भिशीतून निघण्यासारखं आहे. पाइप बदलायचाच ठरला तर भिंत न फोडता बाहेरून सीपीव्हीसीचा प्लास्टिक पाइप न्या, जुना तिथेच मरू द्या. कोणालाही काम द्याल तेव्हा उचल तिसऱ्या भागापेक्षा जास्त नको, आणि पाचवा हिस्सा पहिला मोठा पाऊस होईपर्यंत हातात ठेवा. जो मिस्त्री याला तयार होत नाही, त्याला आपल्या कामाबद्दल काय वाटतं ते कळतं. स्लॅबची सळईच गेलेली निघाली, तर मात्र पाटल्यांचा विचार करा, तिथे काटकसर करू नका.

म्हणजे क्रम असा धरा: छत ठोकणं, टाकीच्या दोन रात्री, कोपऱ्याचे दोन दिवस, मग दुरुस्ती, मग एक पावसाळा, मग कोटिंग आणि सोलर. निकाल आले की दोन्ही रात्रींच्या रेघांमधलं अंतर आणि आळं-परातीतला फरक इथेच लिहा, फोटो नसले तरी चालतील. आणि हो, आज रात्री रेघ मारायला पेन्सिल नको, ओल्यात दिसत नाही. घरात नेलपॉलिश असेल ते घ्या.